गाडी सोडणे

मराठीत ‘गाडी सोडणे’ या शब्दप्रयोगाला दोन उलट अर्थ आहेत. बैलगाडीच्या काळात गाडी सोडली म्हणजे जोती निघाली, बैलांच्या मानेवरचे जू खाली आले आणि प्रवास थांबला. निघायचे असेल तेव्हा गाडी जुंपावी लागे. पुढे आगगाडी आली आणि तोच प्रयोग उलट्या दिशेने धावू लागला; स्टेशनमास्तरने गाडी सोडली म्हणजे ती निघाली. भाषेत असे पालट पुष्कळ होतात आणि त्यातल्या प्रत्येकातून तत्त्वज्ञान काढू नये, हे खरे. तथापि या पालटात एक गोष्ट गळून पडली आहे. पहिल्या अर्थी सुटत होते ते जनावर. गाडी हे केवळ बोलण्याचे निमित्त होते. दुसऱ्या अर्थात जनावर उरलेच नाही.

जबलपूर हे या दोन्ही अर्थांच्या सांध्यावर वसलेले शहर आहे. मिर्झापूरहून दख्खनकडे येणारी जुनी सडक येथून जाते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस एकेकाळी बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून याच दिशेने मिर्झापूरच्या पेठेत जात असे, आणि महाराष्ट्रातून काशीला निघालेल्या यात्रेकरूंपैकी अनेकांचा मार्गही हाच असे. १८६७ साली अलाहाबादकडून रेल्वे जबलपूरला पोचली. १८७० साली मुंबईकडचा मार्ग तिला येऊन मिळाला, आणि पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या जनावरांचे प्रदीर्घ युग बघता बघता संपत गेले. शहरातून ओमती नावाचा नाला वाहतो. त्याच्या नावानेच ओळखली जाणारी ओमतीची वस्ती आज दुकानांनी, रिक्षांनी आणि कर्ण्यांनी गजबजलेली आहे. बैल सोडण्याजोगी जागा तेथे शोधून सापडणार नाही.

अशा ओमतीत मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरहून प्रयागकडे निघालेले एक कुटुंब आपले वाहन उभे करते, अशी कल्पना करावी. वाहन साधे नाही. त्यात झोपण्याच्या फळ्या आहेत, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. ज्याला कॅरव्हॅन म्हणतात आणि ज्याच्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र धोरण आखले, त्या जातीचे ते चालते घर आहे. आणि घर म्हटले की घरातले सगळे आले, म्हणून सात-आठ वर्षांचा एक कुत्राही सोबत आहे. माणसांना भूक लागलेली आहे. उपाहारगृहात कुत्र्याला नेता येत नाही. ‘दहा मिनिटांत येतो’ असे त्याला सांगून, खिडकीची काच दोन बोटे उघडी ठेवून सारे उतरतात. प्रवास थांबला आहे. प्रश्न इतकाच की हा विसावा कोणाचा?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. माणसांनाच रस्त्याच्या कडेला पाणी आणि सावली मिळत नाही, तेथे हौसेने पाळलेल्या श्वानाच्या विसाव्याची चर्चा म्हणजे भरल्या पोटाची करुणा, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो पुसून टाकता येणार नाही. पण एका अन्यायाची आठवण दुसऱ्या कर्तव्यातून सुटका देत नाही. आणि नीतीचे कित्येक मूळ प्रश्न क्षुल्लक प्रसंगांतच अधिक स्वच्छ दिसतात, कारण तेथे भव्यतेचा धूर नसतो.

बैलाच्या बाबतीत प्रश्न असा पडतच नव्हता. नागपूर ते जबलपूर हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचे. ताशी तीन-साडेतीन किलोमीटरच्या चालीने गाडीबैलांना त्यासाठी नऊ-दहा मुक्काम करावे लागणार. हे मुक्काम गाडीवानाच्या मर्जीवर नव्हते, बैलाच्या खांद्यावर होते. दमलेला बैल बसला की प्रवास बसला. भारत सरकारने १९६५ साली ओढकाम करणाऱ्या व ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधी नियम केले. दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी, आणि जेथे तापमान सदतीस अंशांपलीकडे जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपू नये, असे त्यात आहे. शहाणा गाडीवान हे नियम न वाचताच पाळत आला होता. तो उन्हे कलल्यावर जुंपी आणि तापण्याआधी सोडी.

पण म्हणून तो दयाळू होता असे म्हणता येईल काय? येथे उत्तर अवघड होते. बैल मेला तर शेत बुडते. बैलाला पाणी दाखवणे हे धर्माचे काम होते आणि हिशेबाचेही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी होते, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद लागते, दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत. त्या चोळणाऱ्या हातात प्रेम किती आणि पेरणीची चिंता किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि काढण्याचा हट्टही धरू नये. जेथे दोघांचे जगणे एका जुवाखाली आहे, तेथे माया आणि मतलब यांची वाटणी करणे ही शहरी माणसाची करमणूक आहे. इतके मात्र खरे, की स्वार्थ आणि दया एकाच दिशेने चालत असतील तोवर दयेची परीक्षा होत नाही.

इंजिनाने ही वाट दुभंगली. चालत्या घरातला कुत्रा काही ओढत नाही. तो दमला म्हणून वाहन थांबत नाही. तो तहानला म्हणून वेग मंदावत नाही. त्याच्यासाठी थांबण्यात मालकाचा कसलाही लाभ नाही. उलट वेळ जातो, इंधन जाते, रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण हुकते. जनावरासाठी थांबणे ही गोष्ट पूर्वी गरज होती. ती संपली, आणि नेमक्या त्या क्षणी ती निखळ नैतिक गोष्ट झाली. यंत्राने माणसाला जनावरापासून मोकळे केले असे म्हणतात. या मोकळेपणानेच त्याला प्रथमच जनावरापुढे जबाबदार केले, असेही म्हणता येईल.

कायदा येथेही पोचला आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० सालचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्याखाली १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. कुत्र्या-मांजरांना वाहतुकीत उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, प्रौढ जनावराला बारा तासांत एकदा खाणे द्यावे, असे ते सांगतात. पण मूळ कायद्याने क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा! ओमतीच्या उपाहारगृहात त्या कुटुंबाचे जेवणाचे बिल याच्या कितीतरी पट होईल. कायद्याची दुर्बलता दाखवण्यासाठी हे उदाहरण नेहमी दिले जाते. त्याचा दुसरा अर्थ असा, की हे कर्तव्य जवळजवळ संपूर्णपणे माणसाच्या विवेकावर सोपवलेले आहे. दाराबाहेर कोणी पहारेकरी उभा नाही.

आणि दाराआत काय घडत असते? कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, ओल्या जिभेवरून हवा खेळवून तो स्वतःला निववतो. भोवतालची हवाच तापली की हा उपाय थकतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनातले तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते आणि काच दोन बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दहा मिनिटांचे वीस होतात, कारण वाढपी उशीर करतो; वीसचे चाळीस होतात, कारण समोर घंटाघराकडे एक दुकान दिसते. यात कोणीही क्रूर नाही. या प्रसंगाची भीषणता तीच आहे.

कारण त्या कुत्र्याला दहा मिनिटे ठाऊक नाहीत. त्याला ठाऊक आहे तो फक्त मालक. याच जबलपुरात १८३०च्या दशकात स्लीमनने ठगांविरुद्धच्या मोहिमेचे ठाणे मांडले होते. ठग वाटसरूंच्या सोबतीला लागत, त्यांच्याशी गप्पा करीत, त्यांचा विश्वास संपादन करीत, आणि एखाद्या मुक्कामाच्या जागी, माणूस निश्चिंत होऊन बसला असताना, रुमाल टाकीत. त्या हकिकतींनी युरोप हादरला तो केवळ हत्यांच्या संख्येने नव्हे. विसाव्याची जागाच घाताची निघाली, याने. थांबणे म्हणजे स्वतःला भोवतालच्या हाती सोपवणे. ठगाशी त्या कुटुंबाची तुलना करणे अर्थातच अन्यायाचे होईल. तेथे हेतू होता, येथे नजरचूक आहे. पण आत राहिलेल्या जिवाच्या बाजूने पाहिले तर हेतूचा हा भेद त्याच्या उपयोगाचा नाही.

कांटने आपल्या नीतिविषयक व्याख्यानांत असे मांडले की प्राण्यांविषयी माणसाचे थेट कर्तव्य नाही. जन्मभर इमानाने राहिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मालकाने सांभाळावे, कारण न सांभाळणारा माणूस इतर माणसांशीही कठोर होतो. मानवतेच्या सरावासाठी कुत्रा! बेंथमने १७८९ साली प्रश्नाचे तोंडच फिरवले आणि विचार करता येतो की नाही, यापेक्षा वेदना होते की नाही, हे विचारले. भारतीय वाचकाला बेंथम जवळचा वाटेल, आणि आपल्याकडे हे पूर्वीच होते असे म्हणण्याचा मोह होईल. मोह आवरून जुन्या कथा पुन्हा नीट पाहिल्या तर त्या अधिक अडचणीच्या निघतात.

महाप्रस्थानिकपर्वातला युधिष्ठिराचा प्रवास हा जनावरासोबत केलेल्या प्रवासांतला सर्वांत थोर. या प्रवासात विसावा नाही. द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. भीम प्रत्येकाच्या पतनाचे कारण विचारतो आणि युधिष्ठिर मागे न पाहता उत्तर देऊन पुढे चालतो. ज्या माणसाने पत्नीसाठी आणि भावांसाठी पाऊल थांबवले नाही, तो स्वर्गाच्या रथापाशी एका कुत्र्यासाठी थांबतो. इंद्र हाच विरोध त्याच्या तोंडावर फेकतो. युधिष्ठिराचे उत्तर व्यवहारी आहे: मेलेल्यांशी संधी नाही आणि विग्रहही नाही, त्यांना परत उठवणे हाती नव्हते, जिवंत असताना त्यांना सोडले नाही. हा कुत्रा जिवंत आहे आणि आश्रयाला आलेला आहे. या उत्तराने द्रौपदीच्या बाजूने पाहणाऱ्याचे समाधान होत नाही, होऊ नये. पण कर्तव्याची एक काटेकोर व्याख्या त्यातून हाती येते. जो अजून जिवंत आहे, जो सोबत आहे आणि ज्याच्याजवळ दुसरा आश्रय नाही, त्याच्यासाठी थांबणे भाग आहे; मग गंतव्य स्वर्ग का असेना.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. तो कुत्रा हस्तिनापुरापासून आपणहून मागे आला होता. चालत्या घरातला कुत्रा आणला गेलेला आहे. त्याने प्रयाग मागितले नव्हते. मांजराची गोष्ट तर आणखी बिकट, कारण कुत्रे माणसाला धरते आणि मांजर घराला, असा जुना अनुभव आहे. घरच चालू लागले तर त्याने धरावे कशाला? स्वखुशीने आलेल्यासाठी धर्मराज थांबला. ज्याच्यावर प्रवास लादला त्याचे देणे त्याहून जड आहे. ‘आम्ही त्याला प्रेमाने बरोबर आणले’ हे वाक्य त्या देण्याची फेड नव्हे. ती त्याची सुरुवात आहे.

एकनाथांची कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराकडे निघालेले नाथ वाटेत तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ती गंगा ओततात. गाढव त्यांचे नव्हते, त्याने कावड वाहिली नव्हती, त्यांचा काही संबंध नव्हता. प्रवासाचा हेतूच त्या विसाव्यात सांडून गेला. ही कथा युधिष्ठिराच्या कथेहून एका अर्थाने मोठी आहे, कारण येथे आश्रयाची अटदेखील नाही.

तरीही दोन्ही कथांत एक सोय आहे, आणि ती स्पष्टपणे दाखवली पाहिजे. कुत्रा शेवटी यमधर्म निघतो. गाढवाच्या मुखी घातलेली गंगा रामेश्वराला पावते. थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही, हे कथा आधीच ठरवून टाकते. ओमतीच्या रस्त्यावर असे काही होत नाही. कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो. त्याच्यासाठी सावली शोधण्यात गेलेला तास परत मिळत नाही, संगमावर पोचायला उशीर होतोच, आणि त्या उशिराचे कौतुक करणारा कोणीही प्रकट होत नाही. आजच्या विसाव्याचे मोल, ते काही असेल तर, या कोरडेपणात आहे.

पण ‘जनावरासाठी थांबावे’ एवढे म्हणूनही हा प्रश्न सुटत नाही. नागपूरहून जबलपूरला येणारा रस्ता खवासा ते कुरई या भागात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. वन्य प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून तेथे महामार्गाखालून वाटा ठेवल्या आहेत. वाहनांचा प्रकाश आणि आवाज रानात जाऊ नये यासाठी कडेला आडोसे उभारले आहेत. आता समजा, नेमका याच टप्प्यावर कुत्रा दाराशी जाऊन कण्हू लागला. त्याच्या विसाव्याचा हक्क मान्य केलेला मालक काय करील? खाली उतरवले तर कुत्र्याच्या अंगावरचा, श्वासातला, विष्ठेतला रोग त्या रानात उतरतो. २०१८ साली गीरच्या सिंहांत ज्या डिस्टेंपरने मृत्यू ओढवले, तो रोग पाळीव आणि भटक्या कुत्र्यांतही असतो. रानातला कोल्हा, रानकुत्रा, वाघ यांना लस टोचलेली नसते. आपल्या जनावरावरची दया आणि जनावरांवरची दया या दोन गोष्टी येथे समोरासमोर उभ्या ठाकतात. पहिली डोळ्यांसमोर कण्हते आहे. दुसरी झाडीत आहे आणि दिसत नाही.

न दिसणाऱ्याच्या बाजूने निवाडा द्यावा लागेल. तेथे थांबू नये. पण याचा अर्थ कुत्र्याचे कण्हणे चुकीचे ठरले असा नाही. चूक त्याच्या आधी घडली: खवाशाच्या अलीकडे, एखाद्या कडुलिंबाखाली, कुत्रा काही मागत नव्हता तेव्हा. मुक्याचे मागणे मागण्याआधी ओळखावे लागते, कारण ते मागेल तेव्हा कदाचित थांबता येणारच नाही. गाडीवानाला हे कळत होते. बैल बसल्यावर नव्हे, बसण्याआधी तो गाडी सोडी. आषाढी वारीत पालखीच्या वाटेवर मुक्कामांखेरीज विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि दिवे घाटाच्या चढणीला रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात. कोणी दमल्याची वाट पाहिली जात नाही. थकवा येणार हे गृहीत धरून वाट आखली जाते. २०२५च्या फेब्रुवारीत प्रयागच्या महाकुंभाकडे निघालेली वाहने जबलपूर, कटनी, मैहर, रीवा या टापूत प्रचंड संख्येने अडकली, तेव्हा थांबणे सक्तीचे झाले. अडकणे आणि विसावणे यांतला फरक त्या दिवसांत पुष्कळांना समजला असेल.

या फरकाची फार जुनी जाण याच परिसराला असायला हवी. जबलपूरच्या उत्तरेला, आजच्या कटनी जिल्ह्यात, बहोरीबंदजवळ रूपनाथला अशोकाचा लघुशिलालेख आहे. त्यात झाडांचा उल्लेख नाही. तो उद्योगाविषयी, सतत प्रयत्नाविषयी आहे. वाटेवर झाडे लावल्याची आणि विहिरी खणवल्याची नोंद अशोकाच्या इतर लेखांत आहे, आणि ती कोणासाठी हे सांगताना क्रम ‘पशू आणि माणसे’ असा येतो. यावरून अशोकाने पशूला पहिला मान दिला, असे काही भाविक अभ्यासक सुचवतात. ते व्याकरणाला धरून नाही. समासात कमी स्वरांचा शब्द आधी घेण्याची रीतच आहे. पण क्रम योगायोगाचा मानला तरी त्या समासात पशू आहे, हा योगायोग नाही. सावली माणसासाठी लावली आणि बैल तिच्यात उभा राहिला, असे ते लेख म्हणत नाहीत. आजचा महामार्ग बांधताना चार पदरी रुंदीसाठी कडेची जुनी झाडे तुटतात आणि पुढे ‘विश्रामस्थान’ अशी पाटी लागते. तेथे इंधन मिळते, चहा मिळतो, शौचालय असते. जनावर उतरवायला सावलीतला मातीचा एक तुकडा असतोच असे नाही. प्रवाशाच्या विवेकाला दोष देणाऱ्यांनी ही गोष्टही त्याच दमात सांगितली पाहिजे.

ओमतीतल्या त्या दुपारकडे परत यावे. समजा, कुटुंबातल्या लहान मुलाला जेवण अर्धवट असताना आठवण झाली, किल्ली मागून घेऊन तो धावला, आणि दार वेळेत उघडले. बाजाराच्या भर गर्दीत दुसरी जागा नाही. कुत्रा पायरीवरून उतरतो आणि थेट वाहनाच्याच सावलीत, तापल्या डांबराच्या कडेला, दोन चाकांमध्ये जाऊन पडतो. गल्लीतली तीन-चार कुत्री अंतर राखून उभी आहेत. ही त्यांची हद्द आहे आणि पाहुण्याला ती मान्य करावी लागणार आहे. मुलगा वाटीत पाणी ठेवतो. थोड्या वेळाने वडील घड्याळ पाहत येतात. रात्रीपर्यंत रीवा गाठायचे आहे. ते हाक मारतात, पट्टा हलवून दाखवतात. कुत्रा शेपटी हलवतो, पण उठत नाही. ओढून आत घालता येईल. त्याचे वजन ते कितीसे. वडील क्षणभर वाकून चाकांमधल्या त्या अंधाराकडे पाहतात. मग पायरीवर बसतात. मुलगा रिकामी वाटी घेऊन पुन्हा टाकीकडे गेलेला आहे.